क्षयरोगाचे सर्वेक्षण ऊसतोडीच्या हंगामात नको

संपादक महोदय,

मराठवाड्यात क्षयरोगाचा दीर्घकालीन अभ्यास आखताना वेळापत्रक ऊसतोडीकडे बघूनच ठरवावे. बीड-धाराशिवकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परततात. हिवाळ्यात घरोघरी नोंदणी केली तर म्हातारी माणसेच जास्त भेटतात. कष्टकरी, अर्धपोटी तरुण यादीबाहेर राहतात आणि रोग आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून पहिली नोंदणी मे-जूनमध्ये, दुसरी फेरी दसऱ्याआधी. नोंदवहीत मुकादमाचा आणि गावातल्या एका नातेवाइकाचा फोन हवाच. कोण कधी गेले, कधी परतले, कोण वारले, याच्या तारखा वेगळ्या लिहाव्यात. नुसता ‘गैरहजर’ शेरा पुढे हिशेबात निरुपयोगी ठरतो.

संख्येबाबत फार भाबडेपणा चालतो. वर्षाला लाखामागे 200 नवे रुग्ण धरले, तर 10,000 माणसांवर 5 वर्षे लक्ष ठेवून जेमतेम 100 रुग्ण सापडतील. त्यातही दोन हजार माणसे सुरुवातीलाच सुटली तर 80.

खोकला विचारून भागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे नसता तर सुमारे 43 टक्के रुग्ण निसटले असते. तपासणीची पद्धत मध्येच बदलू नये. सूक्ष्मदर्शकाऐवजी जनुकीय चाचणी आली की रुग्ण आपोआप वाढलेले दिसतात. बदल अटळच असेल तर वर्षभर त्याच थुंकीवर दोन्ही चाचण्या कराव्यात, आणि तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

– सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, बीड