त्या एका प्रश्नावर अडलेय

प्रिय रेवा,

इतके दिवस गप्प होते आणि आता एकदम एवढं मोठं पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार असं वाटलं ना तुला? आहेच काम. तब्येत ठीक, आजीचा गुडघा होता तसाच, झालं.

परवा मी हिशोब मांडला. कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या त्या एकाच सामायिक फॉर्मवर, जास्तीत जास्त २० कॉलेजं टाकता येतात, समजा प्रत्येक ठिकाणी माझा चान्स ५ टक्के, तर कुठेच नंबर न लागण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, साधारण ३६ टक्के. म्हणजे कुठेतरी लागण्याची ६४! मी खुर्चीतच उड्या मारत होते आणि तेवढ्यात तुझा आवाज कानात, "बावळट, घटना स्वतंत्र आहेत का ते आधी बघ." नाहीयेत. तोच ६५० शब्दांचा निबंध, तेच मार्क, त्याच सरांची शिफारसपत्रं सगळीकडे जाणार, एकाला कंटाळा आला तर बाकीच्यांनाही येणारच की. (नववीत फाशांवरून झालेल्या भांडणात मात्र मीच बरोबर होते, ते अजूनही आहेच.)

आणि ५ टक्के तरी कुठून आणले म्हणा. हार्वर्ड शंभरातले चारेकच घेतं, आणि हे आकडे सगळ्यांचे मिळून असतात, त्यात खेळाडू आले, ज्यांचे आईबाप तिथेच शिकले ती मुलं आली. अर्ली डिसिजनचंही तेच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच ठिकाणी फॉर्म भरायचा, घेतलं तर बाकी सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. तिथे टक्का जास्त दिसतो म्हणून समुपदेशक बाई म्हणाल्या, "भरून टाक." अगं पण तो टक्का त्या खेळाडूंमुळेही फुगलेला असतो, माझ्यासारखीचा किती वाढतो ते कोण सांगणार? बाईंना विचारलं तर म्हणाल्या पॉझिटिव्ह राहा.

पण हे सगळं सोड. खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुलाच कळेल. फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेजच्या प्रश्नांत एक प्रश्न असतो, आर्थिक मदत मागणार का, हो की नाही. बाहेरच्या देशातल्या मुलांचे पैसे न बघता निवड करणारी कॉलेजं मोजकीच, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अजून थोडी. बाकी बहुतेक ठिकाणी "हो" म्हटलं की चान्स कमी होतो, हे ती कॉलेजं स्वतःच सांगतात. आणि "नाही" लिहून आत गेलीस तर पुढची चारही वर्षं मदत मागता येत नाही असा बऱ्याच ठिकाणी नियम. म्हणजे जिथे लागणं जवळपास अशक्य तिथे खरं लिहिता येतं, आणि जिथे थोडीफार आशा आहे तिथे खरं लिहिलं की आशा अर्धी.

काल रात्री बाबा शेजारी बसले होते. तो प्रश्न आला, त्यांनी वाचला, माझ्या हातातला माऊस घेतला आणि "नाही" वर क्लिक करून टाकलं. म्हणाले, "कर्ज काढू, तू तुझा अभ्यास बघ." आणि पाणी प्यायला उठून गेले. मला आधी काय आठवलं असेल? तुझ्या ताईच्या वेळी तुमच्याकडे जे झालं ते. काकासुद्धा असंच म्हणाले होते ना, अगदी याच सुरात? मी बाबांसमोर काहीच बोलले नाही, पण ते झोपल्यावर उत्तर परत रिकामं केलं. फॉर्म सबमिट होईपर्यंत बदलता येतं, म्हणून आता रोज उघडते, बघते, बंद करते. आई म्हणते ते समजून करतायत. मला वाटतं ते समजून नाही, घाबरून करतायत, फरक असतो गं. एकीकडे वाटतं राहू दे "नाही", एवढी संधी कोण सोडतं, आणि मग पहिल्या वर्षाची फी नाही, चौथ्या वर्षाची फी डोळ्यासमोर येते.

तुझ्या मॉक टेस्ट कशा चालल्यात? फिजिक्स सुधारलं का? तो अजून तुझ्याच बाकावर बसतो का? सविस्तर लिही, मी खरंच वाचेन.

आता काम. रविवारी घरी ये. बाबा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, का ते देव जाणे. कर्जाचं नुसतं व्याज चार वर्षांत किती होतं ते तू त्यांना कागदावर मांडून दाखव, माझ्या हातचं गणित त्यांना हट्ट वाटतं. ताईचा विषय मी काढणार नाही, तुला काढावासा वाटला तरच काढ. आणि माझं कॅल्क्युलेटर घेऊन ये, दहावीपासून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
मुक्ता