इंग्रजी येतेच, वेल्श शिकू द्या

संपादक महाशय,
वेल्समधे इंग्रजी चालतं तर पोरांना वेल्शमधून कशाला शिकवायचं, असं ग्रुपवर एकाने विचारलं म्हणून लिहितोय. मी कार्डिफला राहतो, मुलगी वेल्श मीडियमला आहे, घरी मराठी, शाळेत वेल्श आणि इंग्रजी तर काय टीव्हीवरूनच आली, सकाळी आजीला फोनवर 'बोरे दा' (वेल्शमधे सुप्रभात) म्हणते आणि आजी पण तिकडून तेच म्हणते! एकेकाळी शाळेत वेल्श बोललं की गळ्यात 'वेल्श नॉट'ची लाकडी पाटी अडकवायचे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे जेमतेम १७.८ टक्के, सरकारला २०५० पर्यंत दहा लाख करायचेत, मग ते शाळेशिवाय कुठून आणणार? होमवर्कला मात्र आमची दांडी गुल होते.
- एक पालक, कार्डिफ