पर्यटन मंत्रिमहोदय, हिरव्या पाटीखालचं पाणी तपासा

माननीय पर्यटन मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू यांस,

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी रस्त्यापासून आत असलेल्या एका खेड्यात राहते. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढून पाच वर्षांपूर्वी आम्ही होमस्टे सुरू केला. कन्नड मला बोलता येतं, थोडंफार वाचताही येतं. पण पोटातलं सांगायचं तर ते मराठीतच सांगता येतं, म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे.

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. सासूबाई सकाळी वहाळावरून घागर भरून आल्या आणि ती उंबऱ्याबाहेरच टेकवली. "वास मारालाय पाण्याला. आत नेऊ नको," म्हणाल्या. वाकून पाहिलं तर घागरीच्या गळ्याशी पांढरा फेस. फिनेल आणि संडास यांचा मिळून येतो तसा वास. आमच्याकडे नळ आहे, पण पावसात वीज गेली की चार-चार दिवस येत नाही, मग वहाळच. आम्ही चौघी-पाचजणी वहाळ धरून वर चढत गेलो. एका वळणावर जांभ्याच्या दरडीतून काळसर पाणी झिरपत होतं आणि दरडीच्या माथ्यावर रिसॉर्टचं कुंपण होतं.

रिसॉर्टचं नाव मी लिहीत नाही. हे पत्र एका मालकाविरुद्धची तक्रार म्हणून वाचलं जाऊ नये. फाटकावर मोठी पाटी आहे, तिच्यावर हिरवं पान रंगवलंय आणि खाली 'इको रिसॉर्ट' असं लिहिलंय. मॅनेजर भला माणूस. त्याने आम्हाला बसवलं, चहा दिला, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं 'इको'चं खासगी प्रमाणपत्र दाखवलं. "हे द्यायच्या आधी बघायला कोण आलं होतं?" आमच्यातल्या एकीने विचारलं. कोणी आलं नव्हतं. ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, प्रमाणपत्र मेलवर आलं. सांडपाण्याचं काय करता, असा एक प्रश्न त्यात होता. त्याचं उत्तर त्यांनी 'शोषखड्डा' असं दिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. शोषखड्डा तिथे आहेच.

पण शोषखड्डा कुठल्या जमिनीत आहे, हे फॉर्मला कळत नाही. आमची जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. उन्हाळ्यात त्यात घागरभर पाणी ओतलं तर बघता बघता नाहीसं होतं. पण कणकुंबी-आमगावकडे एका पावसाळ्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेला, सौंदत्ती-रामदुर्गकडे, कित्येक वर्षांत मिळून पडतो. जुलै उजाडेपर्यंत जमीन तुडुंब भरते, पाण्याची पातळी वर येते आणि खड्ड्यात गेलेलं पाणी खाली मुरायच्या ऐवजी आडवं सरकत दरडीतून बाहेर पडतं. वीस खोल्या भरलेल्या असल्या की किती पडत असेल, याचा अंदाज आपल्याला येईल. तपासणीस डिसेंबरात आला असता तर त्याला कोरडा, झाकण लावलेला, नीटनेटका खड्डा दिसला असता.

आणि हे पाणी आमच्या वहाळातच राहत नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना पोचते. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाचं पाणी म्हादईला मिळून गोव्यात उतरतं. म्हादईच्या पाण्यावरून राज्यं इतकी वर्षं भांडताहेत. पाणी किती कोणाचं, यावर लवाद बसला. ते कसल्या अवस्थेत खाली जातं, यावर मात्र कोणी बसलं नाही.

मंत्रिमहोदय, पर्यटन नको असं मी म्हणत नाही. त्याच्यावर माझी चूल पेटते. शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोव्याच्या गाड्या चोर्ला घाटाकडे येतात तेव्हा जांबोटीच्या टपरीवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना चार पैसे मिळतात. येणाऱ्यांमध्ये निसर्गाला त्रास होऊ नये असं मनापासून वाटणारी मंडळीही पुष्कळ असतात. फोनवर जागा शोधताना ती हिरवं पान बघून बुकिंग करतात. त्यांच्या या चांगुलपणाचीच फसवणूक होते आहे आणि मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ही फसवणूक आमच्याकडेच होते असंही नाही. बुकिंग डॉट कॉमसारख्या जगभर चालणाऱ्या कंपनीने २०२१मध्ये राहण्याच्या जागांना 'ट्रॅव्हल सस्टेनेबल' असा बिल्ला द्यायला सुरुवात केली होती. तो ग्राहकांची दिशाभूल करू शकतो, असं नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने म्हटल्यावर २०२४मध्ये कंपनीने तो मागे घेतला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' हे शब्द पुराव्याशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. म्हणजे नियम आहे. खानापूरपासून चोर्ल्यापर्यंतच्या पाट्या त्या नियमाशी ताडून बघायला मात्र कोणालातरी गाडीतून उतरावं लागेल.

चांगलं मानांकन कसं असतं, हे बघायला परदेशात जायला नको. आपल्या राज्यातल्या होन्नावरजवळच्या कासरकोड आणि उडुपीकडच्या पडुबिद्री या किनाऱ्यांना ऑक्टोबर २०२०मध्ये 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. तो निळा झेंडा एकदा मिळाला की कायमचा आपला, असं नसतं. दरवर्षी तो नव्याने मिळवावा लागतो. पाण्याचे नमुने वारंवार तपासावे लागतात आणि निकाल किनाऱ्यावर फलक लावून लोकांना दाखवावा लागतो. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे फलक लावणं. आमच्या वहाळाच्या पाण्याचा निकाल त्या रिसॉर्टच्या फाटकावर, त्या हिरव्या पानाच्या शेजारी लावा. पुढचं पाहुणे ठरवतील.

आमच्यासारख्या राहण्याच्या जागांसाठीही एक योजना आहे. 'स्वच्छता ग्रीन लीफ रेटिंग' या नावाने केंद्राच्या पेयजल व स्वच्छता विभागाने पर्यटन मंत्रालयाबरोबर ती नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू केली. हॉटेल, रिसॉर्ट, होमस्टे, धर्मशाळा सगळ्यांना एकच मोजपट्टी. २०० गुण असतात. त्यांतले ८० घनकचऱ्याला, ८० मैल्याच्या व्यवस्थेला आणि ४० सांडपाण्याला. त्याप्रमाणे एक, तीन किंवा पाच पानं. मालकाने आधी स्वतः माहिती भरायची आणि मग जिल्ह्याच्या समितीने ती तपासायची. मला ही योजना मनापासून आवडली, कारण तिचा भर आमच्या खऱ्या दुखण्यावर आहे. फक्त तिची माहिती मला कोणत्याही कार्यालयातून मिळाली नाही. मुलाने फोनवर शोधून वाचून दाखवली.

वाचता वाचता मी आमच्या घराचे गुण मोजत गेले. आमचं संडास दोन खड्ड्यांचं आहे. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करतो, आणि बंद केलेल्याचं पुढे खत होतं. न्हाणीचं पाणी केळीच्या बुंध्यांना जातं. जेवण पत्रावळीवर, पिण्याचं पाणी उकळून तांब्याच्या हंड्यात. पाहुण्यांनी आणलेल्या चिप्सच्या पिशव्या आणि बाटल्या मी पोत्यात भरून ठेवते आणि नवरा महिन्यातून एकदा त्या बसवर टाकून बेळगावला नेतो, कारण गावात त्या द्यायला जागाच नाही. हे सगळं आम्ही पानं मिळवायला केलं नाही. सासूबाई पहिल्यापासून असंच करत आल्या. तरीही फोनवर शोधणाऱ्याला हिरवं पान त्या रिसॉर्टपुढे दिसतं, माझ्या दोन खोल्यांपुढे काहीच दिसत नाही. खासगी प्रमाणपत्राची फी मला परवडत नाही आणि न तपासता मिळणारं प्रमाणपत्र मला नको आहे.

म्हणून माझी विनंती अशी. खानापूर तालुक्यात ही ग्रीन लीफ तपासणी खरोखर सुरू करा. अर्ज कन्नडबरोबर मराठीतही असू द्या आणि तो ग्रामपंचायतीत कागदावर मिळू द्या. आमच्याकडची निम्मी घरं चालवणाऱ्या बायका मराठीच वाचतात, आणि त्यांना अर्जच कळला नाही तर ही पानं पुन्हा मोठ्यांच्याच पाटीवर जातील. तपासणी एकदा नको, दोनदा हवी. एकदा जुलैत जमीन भरलेली असताना, एकदा एप्रिलात वहाळ बारीक झालेला असताना. आणि तपासणाऱ्यांबरोबर त्या जागेच्या खालच्या अंगाला राहणारं, त्या वहाळाचं पाणी भरणारं कोणीतरी असायलाच हवं. आमच्यातली कोणतीही बाई नाकानेच सांगेल काय चुकलंय ते. तपासणीत नापास झालेल्याला पहिल्या दिवशी टाळं ठोका असं मी म्हणत नाही. सुधारायला एक पावसाळा द्या, पण तोवर पाटीवरचं पान पुसायला लावा.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती या गुणांत कुठेच बसत नाही. आमच्या शेजारी भीमगड अभयारण्य आहे, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, २०११मध्ये जाहीर झालेलं. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राउटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. कित्येक दशकं ही जात जगात फक्त तिथेच माहीत होती. अभयारण्यातल्या गवाळी-कृष्णापूरच्या लोकांना जंगलाच्या नियमांमुळे साधा रस्ता मागतानाही वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. त्यांनी सोसलं. मग जंगलाच्या कडेला रात्री बारापर्यंत डीजे आणि फोकस लावणाऱ्याला 'इको' म्हणवून घ्यायचा हक्क कसा मिळतो? पान देताना आवाज आणि उजेड यांचेही गुण धरा. केंद्राच्या मोजपट्टीत ते नसतील तर राज्याने आपले जोडावेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात बेळगावला, सुवर्णसौधला येता. कणकुंबी तिथून दीड-दोन तासांवर आहे. पण डिसेंबरात आमचा वहाळ काचेसारखा स्वच्छ दिसतो, म्हणून तेव्हा येऊ नका. जुलैत या, पाऊस लागलेला असताना, सकाळी सहाच्या सुमारास. सासूबाई घागर घेऊन वहाळावर जातात तेव्हा त्यांच्याबरोबर चला.

आपली नम्र,
एक होमस्टेचालक गृहिणी
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव