औषध लिहिण्याआधी कान बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

बाबांचा कान बरा आहे. खाज नाही, दडा सुटला. कानातलं मशीन परत लागल्यामुळे टीव्हीचा आवाजही शेजाऱ्यांना सोसेल इतका खाली आलाय. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ऐन पावसात आमच्या कोकणात असा कान घेऊन फिरणारे बाबा काही एकटे नसणार.

तुमच्याकडे येईपर्यंत अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या होत्या, थेंब बदलून झाले होते. जरा बरं वाटायचं, की पुन्हा खाज, पुन्हा ओल. आता याहून स्ट्राँग काहीतरी द्या, असं सांगायचं ठरवूनच आम्ही आलो होतो. तुम्ही चिठ्ठ्यांची चळत बाजूला सारलीत आणि आधी कानात पाहिलंत. मलाही स्क्रीनवर दाखवलंत: भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखं पांढुरकं काहीतरी आणि त्यावर काळे ठिपके. "कांद्याच्या सालीवर काळी पूड असते ना काका, ती ही बुरशी. ॲस्परजिलस नायजर." बाबा म्हणाले, "कांदा तर मी खातो, कानात कधी घातला?"

अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला त्याचं काहीच वाटत नाही. उलट कानातले नेहमीचे जिवाणू मेले की तिला रान मोकळं, वर थेंबांची ओल आणि दिवसभर कान बंद करून बसलेलं मशीन. हे इतकं सोपं करून आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सक्शनची नळी आत घालण्याआधी तुम्ही म्हणालात, "गरगरलं तर हात वर करा, मी थांबते." बाबांनी हात वर केला आणि तुम्ही खरंच थांबलात, बाहेर एवढी रांग असताना. लगदा निघाल्याशिवाय थेंब पोचतच नाहीत, म्हणून आधी सफाई. मग कानाचा पडदा शाबूत आहे हे बघून क्लोट्रिमॅझोल, म्हणजे बुरशी मारणारे थेंब.

पण माझ्या मनात राहिले ते तुमचे प्रश्न. बाबांना मधुमेह आहे म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, रात्री झोप मोडेल इतका ठणका लागतो का? मग त्यांना गाल फुगवायला, डोळे घट्ट मिटायला लावलंत. शुगर लगेच तपासायला सांगितलीत. मधुमेही वयस्कर माणसांत कानाचा संसर्ग हाडात उतरू शकतो, चेहऱ्याची एक बाजूही लुळी पडू शकते. तो बहुतेकदा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो आणि त्याला मात्र अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, हे तेव्हा कळलं. म्हणजे तक्रार एकच, 'औषधाने कान बरा होत नाही', आणि उपचार अगदी उलटे! कान न बघता हे कुणाला कसं कळावं?

आत्याच्या लसणीच्या तेलाचा विषयही तुम्हीच मिटवलात, "तेल फोडणीला वापरा" म्हणून. इयरबड कचऱ्यात गेले. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, रात्री मशीन काढून कोरड्या डबीत. खाज थांबल्यावरही तुम्ही सांगितलेल्या मुदतीपर्यंत थेंब घातले, बाबांची कुरकुर ऐकून घेत.

पुढच्या तपासणीला बाबा परसातली तवशी घेऊन येणार आहेत. फी घेता तशी तीही घ्या, नाहीतर ते तिथून हलायचे नाहीत.

आपली,
एका पेशंटची मुलगी