पाय कोणी पसरले, अंथरूण कोणाचे ओढले?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘अंथरूण पाहून पाय’ हा आपला कालचा अग्रलेख सकाळी वाचला आणि रात्री पुन्हा एकदा वाचला, कारण इतक्या गुंतागुंतीच्या विषयावर आपण इतके सोपे लिहिले असेल यावर पहिल्या वाचनात विश्वास बसला नाही. २०१० पासूनच्या कर्जसंकटात घेतलेले आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज ग्रीसने २०२२ मध्येच मुदतीपूर्वी फेडले, युरोपीय देशांकडून घेतलेल्या पहिल्या कर्जाचे हप्तेही तो आता वेळेआधी भरू लागला आहे, तेव्हा ‘उधळ्या देशाला अखेर शिस्त लागली’, असा आपला निष्कर्ष आहे. हप्ते भरले जात आहेत हे खरेच. ते कोणाच्या खिशातून भरले गेले, हा प्रश्न मात्र आपल्या दोन स्तंभी मजकुरात कोठेही डोकावत नाही. ‘ग्रीसने उधळले, ग्रीसनेच फेडले’ असे आपण लिहिता, तेव्हा उधळणारा ग्रीस आणि फेडणारा ग्रीस एकच आहे असे गृहीत धरता. मी नोकरीची बरीच वर्षे ग्रीक मालकांच्या जहाजांवर, इंजिन रूममध्ये काढली. मला हे दोन ग्रीस वेगवेगळे दिसले, आणि माझा पगार मला त्यांपैकी पहिल्याकडून मिळत होता.

२०१५ च्या जूनअखेर आमचे जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदरालगतच्या पेरामा येथे दुरुस्तीला लागले होते. शनिवारी पहाटे, धनकोंच्या अटी मान्य करायच्या की नाही यावरच्या सार्वमताची घोषणा झाली, रविवारी युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांच्या तातडीच्या उसनवारीची मर्यादा वाढवून देण्यास नकार दिला, आणि सोमवारी, २९ तारखेला, देशातील बँका उघडल्याच नाहीत. खात्यात कितीही शिल्लक असो, ग्रीक माणसाला एटीएममधून दिवसाला ६० युरो. ज्या यंत्रांतील वीसच्या नोटा संपल्या तेथे प्रत्यक्षात ५०च. ज्या निवृत्तांकडे कार्डच नव्हते त्यांच्यासाठी काही शाखा उघडण्यात आल्या, त्याही आडनावाच्या आद्याक्षरानुसार दिवस वाटून, आणि हातावर ठेवायचे ते १२० युरो. आमच्या कामावर येऊन बसणारा एक निवृत्त फिटर होता; कामाची सवय सुटत नाही म्हणून तो रोज यायचा आणि पोरांच्या चुका काढायचा. त्याचे आडनाव ग्रीक मुळाक्षरांच्या शेपटाकडचे, त्यामुळे त्याची पाळी तिसऱ्या दिवशी आली. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावरच्या यंत्रातून मी माझ्या भारतीय बँकेच्या कार्डावर त्याच्या कित्येक पट रक्कम काढली, कारण परदेशी बँकांच्या कार्डांना ती मर्यादा लागूच नव्हती. पर्यटकांची गैरसोय होऊ नये म्हणून केलेली ती तजवीज होती. रत्नागिरीच्या माणसाला ग्रीसमध्ये हवे तितके युरो मिळावेत आणि ज्याने तेथेच सारा जन्म लोखंड घासले त्याला स्वतःच्या खात्यातून चिल्लर मिळावी, या व्यवस्थेला आपण ‘शिस्त’ म्हणता, आणि मला ते वाचून चीड येते, एवढेच.

या माणसाने काय उधळले होते, ते आता ऐका. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्याने बँकेच्या खिडकीवरून सरकारी रोख्यांत गुंतवला होता, कारण सरकारी रोख्यापेक्षा सुरक्षित काय असते? मार्च २०१२ मध्ये खाजगी रोखेधारकांच्या मुद्दलात ५३.५ टक्के कपात झाली. बातम्यांतून असे भासवले गेले की ती कपात सट्टेबाज निधींची झाली. प्रत्यक्षात त्यात त्याच्यासारखे हजारो लहान रोखेधारक होते आणि ग्रीसचे स्वतःचे निवृत्तिवेतन निधीही होते, म्हणजे एकाच माणसाला दोनदा कात्री लागली. युरोपीय मध्यवर्ती बँकेने बाजारातून पडेल भावाने घेतलेल्या ग्रीक रोख्यांना मात्र या कपातीतून आधीच वगळण्यात आले होते, आणि त्यावरचा नफा पुढे ग्रीसला परत करायचा की नाही, कधी आणि कोणत्या अटींवर, याची घासाघीस कित्येक वर्षे चालली. त्याच काळात निवृत्तिवेतन पुनःपुन्हा कापले गेले, सणाचे जादा हप्ते गेले, २०११ मध्ये घरपट्टीसारखा एक नवा कर थेट विजेच्या बिलातच जोडून आला. किमान वेतन २०१२ मध्ये महिन्याला ७५१ युरोंवरून ५८६ वर आणले गेले, आणि पंचविशीखालच्यांसाठी तर ५११ वर. पंचविशीखालच्या मुलांनी २००१ साली, देश युरोत शिरला तेव्हा, नेमकी कोणती उधळपट्टी केली असावी याचा शोध आपल्या अग्रलेखकाने अवश्य घ्यावा. त्यांतील बहुतेक तेव्हा प्राथमिक शाळेच्या बाकावर होते.

‘युरोपने ग्रीसला दिलेली मदत’ हा शब्दप्रयोग अग्रलेखात वारंवार आला आहे. मे २०१० मध्ये पहिले ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले, त्यांतील ८० अब्ज, युरो चलन वापरणाऱ्या देशांचे आणि ३० अब्ज नाणेनिधीचे. त्या वेळी ग्रीक रोखे मोठ्या प्रमाणात फ्रेंच आणि जर्मन बँकांकडे होते. पैसा अथेन्सला आला आणि मुदत भरलेल्या रोख्यांच्या व व्याजाच्या रूपाने बराचसा तेथूनच परतला. बर्लिनमधील एका व्यवस्थापनशिक्षण संस्थेने २०१६ मध्ये पहिल्या दोन कर्जांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे २१६ अब्ज युरोंपैकी १० अब्जांहूनही कमी रक्कम ग्रीक सरकारच्या नेहमीच्या खर्चासाठी उरली होती, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. हिशेब जर्मन संस्थेचा आहे, ग्रीक कैफियत नव्हे. ज्यांनी डोळे झाकून कर्ज दिले होते ते धनको बाहेर पडले आणि त्यांच्या जागी युरोपचे करदाते येऊन बसले; मग त्या करदात्यांना सांगण्यात आले की आळशी ग्रीकांसाठी तुम्ही भुर्दंड सोसत आहात. जर्मनीतीलच हाले येथील आर्थिक संशोधन संस्थेने तर २०१५ मध्येच दाखवले होते की संकटाला घाबरून जगभरचा पैसा जर्मन रोख्यांकडे धावल्यामुळे जर्मनीचे व्याजापोटी १०० अब्ज युरोंहून अधिक वाचले. हे सारे झाल्यावर युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाच्या अध्यक्षांनी २०१७ मध्ये दारू आणि बायांवर पैसे उडवून मग मदत मागू नये, असा उपदेश दक्षिण युरोपला केला. आपला अग्रलेख निदान भाषेच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा सभ्य आहे.

आता पहिल्या, म्हणजे माझा पगार देणाऱ्या ग्रीसविषयी. जगातील सर्वांत मोठ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांपैकी एक ग्रीक मालकांचा आहे, आणि १९७५ च्या कायद्यानुसार त्यांना नफ्यावर नव्हे, तर जहाजाच्या टनभारावर कर द्यावा लागतो. १९५३ च्या ज्या कायद्याने त्यांना सवलती मिळाल्या त्याला राज्यघटनेचेच संरक्षण आहे. निवृत्तिवेतनाला तसले संरक्षण असते तर बरे झाले असते. संकट ऐन भरात असताना, २०१३ मध्ये, जहाजमालकांनी सरकारशी करार करून काही जादा रक्कम ‘स्वेच्छेने’ देण्याचे मान्य केले. माझ्या फिटरला विजेच्या बिलातील कर स्वेच्छेने भरण्याची संधी कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. २०१५ च्या त्या जुलैत आमचा पगार डॉलरमध्ये, वेळेवर आणि ग्रीक बँकांच्या वाऱ्यालाही न लागता घरी पोहोचला, आणि जहाजावर कोणाला त्यात विशेष काही वाटले नाही.

स्वतःचे चलन असते तर काय झाले असते, हे ग्रीसने १९८३ आणि १९८५ मध्ये पाहिले होते. द्राख्मा या ग्रीसच्या तेव्हाच्या चलनाचे अवमूल्यन झाले, आयात महागली, सारेच थोडे थोडे गरीब झाले. डॉलरवाल्या जहाजमालकाला तेव्हाही फारशी झळ बसली नसेल, पण निदान डॉक्टर, दुकानदार आणि मंत्रालयातील सचिव फिटरच्याच रांगेत उभे होते. सामायिक चलनात ते दार बंद होते. चलनाची किंमत उतरवता येत नाही म्हणून मजुरीची उतरवायची. आपला रुपयाही इतक्या राज्यांचे सामायिक चलनच आहे, आणि आमचा कर बिहारला का जातो म्हणून आपल्या पत्रव्यवहारात अधूनमधून त्रागाही होतो, पण येथे वित्त आयोग आहे, केंद्राचा कर आहे, केंद्राचे कर्ज आहे. युरोच्या करारात एका देशाचे कर्ज दुसऱ्याने उचलायचे नाही असे स्पष्ट कलम होते. मग ते उचलायचे कोणी, याचे उत्तर प्रत्येक संकटात नव्याने शोधले गेले आणि प्रत्येक वेळी सर्वांत कमी आवाज असलेला माणूस सापडला. २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका बुडाल्या, त्याही मोठ्या प्रमाणात ग्रीक रोख्यांतील कपातीमुळेच, तेव्हा पहिला प्रस्ताव लहान ठेवीदारांकडूनही ६.७५ टक्के कापून घेण्याचा होता. तेथील संसदेने तो फेटाळला म्हणून लहान माणूस वाचला आणि मोठ्या ठेवींवर कुऱ्हाड पडली.

ग्रीक सरकारांनी तुटीचे आकडे लपवले, करचुकवेगिरी राजरोस चालली, हे मी नाकारत नाही. मी ती पिरेअसच्या प्रत्येक दुकानात पाहिली आहे. स्लोवाकियासारख्या, ग्रीसहून गरीब देशाने २०१० च्या कर्जात वाटा देण्यास नकार दिला, तोही मला समजतो, कारण तेथील पेन्शनर ग्रीक पेन्शनरपेक्षा कमीच मिळवत होता. पण ब्रातिस्लाव्हाचा पेन्शनर विरुद्ध पेरामाचा पेन्शनर असा सामना लावून देऊन बँका प्रेक्षागृहात जाऊन बसल्या, हे आपल्यासारख्या वृत्तपत्राने तरी लिहायला हवे होते. देशाचे उत्पन्न एक चतुर्थांशाने घटले, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, आणि २००९ मध्ये उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के असलेले सरकारी कर्ज २०१८ मध्ये, ‘यशस्वी’ कर्जकार्यक्रम संपताना, १८० टक्क्यांच्या पुढे होते. आपण कौतुकाने दिलेला घसरत्या कर्जाचा आलेख त्यानंतरच्या वर्षांपासून सुरू होतो. आलेख कोठून सुरू करायचा हा संपादकांचा अधिकार आहे, याची मला जाणीव आहे.

जाता जाता आणखी एक. बंदरांच्या खाजगीकरणावरील माझे मागील पत्र आपण छापले याबद्दल आभारी आहे. मात्र पिरेअस बंदराचा ५१ टक्के हिस्सा २०१६ मध्ये चीनच्या सरकारी कंपनीला २८०.५ दशलक्ष युरोंना विकला गेला, तो कर्जाच्या अटींपायी, हे वाक्य त्यातून गळले आणि उरले ते आपल्या पुरवणीच्या छपाईचे केलेले कौतुक. हे पत्रही लांबले आहे. काटछाट करायचीच झाल्यास माझ्या रागाची करावी, आकड्यांची करू नये, आणि नाव कृपया छापू नये.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर, रत्नागिरी