जुन्या टेपवर खापर फोडू नका

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : यूएसबी व्हिडिओ कॅप्चर उपकरणातील दोष व पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

कॅमकॉर्डरच्या जुन्या हाय-८ व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवण्यासाठी मी तुमच्या कंपनीचं कॅप्चर उपकरण घेतलं. चित्र फाटतं, मध्येच गोठतं, कधी पडदाच काळा होतो, असं कळवल्यावर तुमच्याकडून दरवेळी एकच उत्तर : टेप जुनी आहे, खराब झाली असेल. टेप न बघता आणि कॅमेरा कोणता हेही न विचारता.

टेप खराब असती तर दोष ठरलेल्या जागीच दिसला असता. टेपवरचा चुंबकीय थर उडालेला असेल तिथे दरवेळी तीच पांढरी रेघ येते. इथे तोच भाग रिवाइंड करून पुन्हा उतरवला की आधी फाटलेलं दृश्य स्वच्छ येतं आणि भलतीकडेच तुटतं. तोच कॅमेरा, त्याच एस-व्हिडिओ केबलने टीव्हीला जोडला तर टेप शेवटपर्यंत बिनतक्रार चालते. हेड क्लीनिंग कॅसेट फिरवून झाली, यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावून झालं, सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडची पॅल ही व्हिडिओ पद्धतच निवडलेली आहे. तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने हीच यादी मला पुन्हा वाचून दाखवू नये.

सगळ्यात जास्त गडबड होते ती रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलेल्या जोडांवर. तिथे सिंक सिग्नल, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवून ठेवणारा इशारा, क्षणभर डळमळतो. टीव्ही ते निभावून नेतो, तुमचं उपकरण फ्रेम गाळतं. खिडकीची उभी चौकट वरच्या टोकाला वाकते, चित्र थिजतं आणि तिथून पुढे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. सेकंदाला २५ फ्रेम हव्यात. गळालेल्यांची जागा भरलीच जात नाही, म्हणून टेप संपेपर्यंत हे अंतर वाढतच जातं. चित्राच्या अगदी तळाशी फरफरणारी पट्टी मी तक्रारीत धरलेली नाही. टेप वाचण्याचं काम एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना ती येतेच, टीव्हीच्या कडेआड झाकली जाते इतकंच.

काळ्या पडद्यावर तर सूचना येते की मजकूर संरक्षित आहे, कॉपी करता येणार नाही. घरच्या घरी चित्रित केलेल्या टेपवर संरक्षण कोण घालणार? डळमळता सिग्नल तुमच्या उपकरणाला कॉपी-प्रतिबंध वाटतो, दुसरं काय! टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळता सिग्नल सावरणारं वेगळं उपकरण, मध्ये जोडलं तर हे टळतं म्हणे. मग खोक्यावर ‘सर्व कॅमकॉर्डरसाठी, इतर कशाचीही गरज नाही’ असं का छापलंत?

परिचितांकडून एक डिजिटल-८ कॅमेरा मिळाला. तो हाय-८ टेपही वाचतो, सिग्नल स्वतःच सावरतो आणि फायरवायर केबलवरून डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, देतो. तासाला साधारण १३ जीबी जागा गेली, पण त्याच टेप त्याच कॉम्प्युटरवर एकही फ्रेम न गाळता उतरल्या.

उपकरण परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बदली नग नको, त्यातही हेच होणार. आणि उत्तर लेखी हवं, फोनवर नको.

आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, एकाच दृश्याच्या दोन्ही मार्गांनी उतरवलेल्या क्लिप