आउसमाखेन म्हणजे नुसतं ‘बंद करणे’ नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

शनिवारच्या पुरवणीत तुम्ही जर्मन शब्दांची यादी छापलीत, त्यात ‘आउसमाखेन – बंद करणे’ असं एका ओळीत उरकलंय, ते बघून राहवलं नाही. मी सातपूर एमआयडीसीत बत्तीस वर्षं काढली, जर्मन मशीनवर ‘आइन’ म्हणजे चालू अन् ‘आउस’ म्हणजे बंद एवढं आम्हाला झोपेतही पाठ, त्यामुळे अर्थ चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाहीच, दिवा, टीव्ही, मशीन आउसमाखेन करतातच. पण तेवढ्यावर भागत नाही.

2024 ला आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून आमची भाची, नर्सिंग झालीय तिचं, जर्मनच्या मागे लागलीय. तिला तिकडून मेसेज आला की ‘टेर्मीन आउसमाखेन’ करूया का, आणि ही रडवेली, म्हणे मामा इंटरव्ह्यूच बंद केला! अहो, त्याचा अर्थ इंटरव्ह्यूची वेळ ठरवूया का. क्लासच्या झेरॉक्समध्येही तुमच्यासारखी एकच ओळ होती.

आणखी गंमत म्हणजे मी खिडकी उघडली तर ‘माख्त एस ईनेन एटवास आउस’ असं कुणी विचारलं, तर ते विचारतायत तुमची काही हरकत आहे का? यावर ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’, म्हटलं की खुशाल उघडा. आणि धुक्यातून पांडवलेण्याचा डोंगर कसाबसा ओळखू आला तर त्यालाही हेच क्रियापद चालतं. आपलं ‘लागणे’ घ्या ना, दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते (लागली तर!), आता परक्या माणसानं याचा एकच अर्थ पाठ केला तर त्याचं काय होणार?

दुसरं, हे क्रियापद तुटतं हे तुम्ही लिहिलंच नाही. ‘इश माखे दास लिश्त आउस’, मी दिवा बंद करतो, यात ‘आउस’ पार शेवटी जाऊन बसतो, म्हणून वाक्य संपेपर्यंत अर्थ पक्का धरायचा नाही. पण ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की ‘वाइल इश दास लिश्त आउसमाखे’, दोन्ही तुकडे जोडून शेवटी, अगदी आपल्या मराठीसारखं, क्रियापद मागे! भूतकाळात मात्र मधे ‘गे’ घुसतो, आउसगेमाख्त.

भाचीची मैत्रीण लक्झेंबर्गला आहे, तिथे 1984 च्या कायद्यानं लक्झेंबर्गिश ही राष्ट्रभाषा झाली. तिकडेही हेच क्रियापद, फक्त ‘मा’ लांबवायचा. ‘एश माखेन द लूख्त आउस’ म्हणजे दिवा बंद, पण वेळ ठरवायची तर फ्रेंचमधला ‘रांदेवू’ आउसमाखेन करतात.

तर पुढच्या यादीत प्रत्येक क्रियापदाला दोन-तीन वाक्यं द्या, जागा कमी पडत असेल तर शब्द निम्मे करा, आमची तक्रार नाही.

– तुमचा एक जुना वाचक, सातपूर, नाशिक